अरामी : सोयरे की वैरी?

प्रश्न : आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहते. त्यांच्याकडून आणलेला जुना करार मी सध्या सवडीने वाचतो आहे. त्यात 'अरामी' लोक जागोजागी भेटतात. याकोबाची सासुरवाडी अरामी, पुढे इस्राएलाच्या राजांशी लढणारेही अरामीच, आणि नामान नावाच्या अरामी सेनापतीची गोष्ट तर मोठ्या आपुलकीने सांगितली आहे. हे लोक नक्की कोण? अरब म्हणतात ते हेच का? इस्राएलाशी त्यांचे सख्य होते की वैर? आणि आपल्या भागात त्यांचा काही मागमूस लागतो का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : तुम्ही वाचनात कुठे चुकलेला नाही. अरामी लोक या ग्रंथात सोयरे म्हणूनही येतात आणि वैरी म्हणूनही. एक सांगताना दुसरे झाकून ठेवावे असे ग्रंथकर्त्यांना वाटलेले नाही, आणि मला तरी या ग्रंथाचा हा मोठा गुण वाटतो. तुमच्या शंका एकेक करून घेऊ.

आधी नावावरून होणारे घोटाळे दूर करू. अरामी म्हणजे अरब नव्हेत. दोघांच्या भाषा एकाच सेमिटिक कुळातल्या आहेत, हिब्रूही त्याच कुळातली. पण लोक वेगळे. आर्मेनियाशी तर त्यांचा काहीच संबंध नाही, तिथली भाषा निराळ्याच कुळातली. आपल्याकडे कुणी कुणी 'अराम' आणि 'राम' यांचे नाते जोडतात. तो निव्वळ उच्चाराचा योगायोग आहे, त्यामागे कसलाही पुरावा नाही.

अरामी लोकांचा मुलूख म्हणजे ढोबळमानाने आजचा सीरिया आणि त्याला लागून असलेला तुर्कस्तान व इराकचा काही भाग. इतिहासात त्यांचा पहिला ठळक उल्लेख इ.स.पू. 1100 च्या सुमाराचा, म्हणजे अश्शूरचा राजा पहिला तिग्लथ-पिलेसर याच्या लेखांतला. या लोकांचा पाठलाग करताना आपण 28 वेळा फरात नदी ओलांडली, असे तो अभिमानाने नोंदवतो. पण एकाच शत्रूसाठी 28 वेळा नदी ओलांडावी लागली, याचा अर्थ तो शत्रू हाती लागत नव्हता. त्या काळी त्या टापूतली जुनी मोठी राज्ये कोसळली होती. मोकळ्या झालेल्या प्रदेशात कळप राखणाऱ्या या टोळ्या पसरल्या, गावांत-शहरांत स्थिरावल्या आणि राज्ये करू लागल्या.

इथे आणखी एक गैरसमज होतो. 'अरामचा राजा' असे वाचले की एखादे मोठे साम्राज्य डोळ्यांपुढे येते. तसे साम्राज्य कधीच नव्हते. दिमिष्क, सोबा, हमाथ, अर्पाद, गशूर अशी लहानमोठी राज्ये होती. ती कधी एकमेकांच्या मदतीला जात, कधी एकमेकांवर उठत. त्यांतले दिमिष्क, म्हणजे आजचे दमास्कस, इस्राएलाला सर्वांत जवळचे आणि सर्वांत बलाढ्य. म्हणून राजांच्या पुस्तकांत नुसते 'अराम' म्हटले की बहुधा दिमिष्कचे राज्य समजावे.

आता नात्याकडे वळू. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहाम आपल्या मुलासाठी कनानातली मुलगी पाहत नाही. आपल्या नोकराला दहा उंट देऊन तो अराम-नहराईमला, आपल्या भाऊबंदांच्या गावी पाठवतो. विहिरीवर रिबका भेटते. ती नोकराला पाणी पाजते आणि त्याचे उंट पोटभर पिईपर्यंत घडे ओतत राहते. ही अरामी बथुवेलाची मुलगी आणि अरामी लाबानाची बहीण, असे ग्रंथ स्वच्छ सांगतो. पुढच्या पिढीत तिचाच मुलगा याकोब भावाच्या रागापासून पळतो, तोही मामाच्याच घरी. मामाच्या लेआ आणि राहेल या दोन मुलींशी त्याचे लग्न होते. त्याला बारा मुलगे झाले, त्यांपैकी अकरा पदन-अरामात, म्हणजे लाबानाच्या घरी जन्मले. इस्राएलाचे बारा वंश ज्या घरात वाढले, त्या घराचे आजोळ अरामी होते.

हे आजोळ मात्र साधेसुधे नव्हते. लाबानाने राहेल दाखवून लेआ गळ्यात बांधली आणि जावयाला राबवून घेतले. मुलींसाठी 14 वर्षे आणि कळपांसाठी 6, अशी 20 वर्षे काढून याकोब एके दिवशी न सांगता निघाला. लाबान पाठलागावर आला आणि गिलादाच्या डोंगरात दोघांची गाठ पडली. तिथे त्यांनी दगडांची रास रचली, तिच्यावर बसून एकत्र जेवले आणि करार केला, की वाईट हेतूने ही रास ओलांडून कुणी पलीकडे जायचे नाही. दोघांनी आपापल्या बापदादांच्या देवाची शपथ घेतली. मुलींना आणि नातवंडांना निरोप देऊन लाबान माघारी गेला.

कोल्हापूरकरांना हा प्रसंग समजावून सांगावा लागू नये. शाहू महाराज आणि दुसरे संभाजी महाराज सख्खे चुलतभाऊ, दोघे एकाच शिवछत्रपतींचे नातू. तरी लढाया झाल्या आणि शेवटी 1731 च्या तहात वारणा नदी ही हद्द ठरली. हद्द आखावी लागली म्हणून रक्ताचे नाते संपले नाही, आणि नाते होते म्हणून हद्दीची गरज टळली नाही. लाबान आणि याकोब यांच्या कराराचे तसेच आहे.

तो करार गिलादात झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवा. गिलाद म्हणजे यार्देन नदीच्या पूर्वेचा डोंगराळ मुलूख. दिमिष्कहून दक्षिणेला अरबस्तानाकडे जाणारा व्यापारी मार्ग त्याच बाजूने जाई. ज्याच्या हाती गिलाद, त्याच्या हाती जकात. म्हणून पुढे इस्राएल आणि अराम यांच्यात जी युद्धे पेटली, त्यांतली कित्येक याच पट्ट्यात, विशेषतः रामोथ-गिलाद या ठाण्यासाठी झाली. मामा-भाच्यांनी जिथे रास रचली असे कथा सांगते, तिथेच त्यांच्या वंशजांनी रक्त सांडले. म्हणजे वैराचे मूळ धर्मापेक्षा वाट आणि हद्द यांत अधिक होते.

हे वैर दावीद राजापासून ठळकपणे दिसते. त्याने सोबाच्या राजाला हरवले आणि दिमिष्कात आपली ठाणी बसवली. त्याच दावीदाची एक राणी माका ही गशूरच्या राजाची मुलगी. तिचा मुलगा अबशालोम भावाचा खून करून पळाला, तेव्हा त्याला तीन वर्षे आसरा मिळाला तो याच गशूरच्या आजोळी. लढाई एका अरामी राज्याशी आणि सोयरीक दुसऱ्याशी, असा हा काळ होता.

दावीदानंतर एका पिढीने इस्राएलाची दोन राज्ये झाली, उत्तरेला इस्राएल आणि दक्षिणेला यहूदा. मग अरामचे महत्त्व आणखी वाढले. यहूदाच्या आसा राजाला उत्तरेच्या बाशाचा जाच होऊ लागला, तेव्हा त्याने मंदिराच्या भांडारातले सोने-रुपे दिमिष्कच्या बेन-हदादाला पाठवले आणि त्याला बाशाच्या पाठीवर घातले. देवाऐवजी अरामच्या राजावर भिस्त ठेवली, म्हणून एका द्रष्ट्याने आसाची कानउघाडणी केल्याची नोंद जुन्या करारातल्या 'इतिहास' या पुस्तकात आहे.

पुढे उत्तरेच्या अहाब राजाच्या वेळी बेन-हदादाने त्याची राजधानी शोमरोन हिला वेढा घातला, पण तो हरला. कमरेला गोणपाट आणि डोक्याला दोर गुंडाळून त्याची माणसे जीवदान मागायला आली. अहाब म्हणाला, तो अजून जिवंत आहे का, तो तर माझा भाऊ. मग तह झाला आणि दिमिष्कात इस्राएलाच्या व्यापाऱ्यांना बाजारपेठा मिळाल्या. एवढे करूनही अहाब शेवटी रामोथ-गिलादला अरामींशीच लढताना मारला गेला.

या मैत्रीचा एक पुरावा ग्रंथाबाहेरही आहे. इ.स.पू. 853 मध्ये अश्शूरचा तिसरा शल्मनेसर पश्चिमेकडे चालून आला. त्याला कर्कर येथे ज्या राजांनी मिळून अडवले, त्यांची यादी त्याच्याच शिलालेखात आहे. तीत दिमिष्कच्या राजाचे 1200 रथ आणि 20,000 पायदळ, आणि इस्राएलाच्या अहाबाचे 2000 रथ व 10,000 पायदळ असे आकडे दिले आहेत. आकडे फुगवलेले असू शकतील, पण दोघे एका बाजूने उभे होते हे नक्की. जुन्या करारात या लढाईचा उल्लेख नाही. नुसता ग्रंथ वाचून दोघे नेहमीच भांडत होते असे वाटते, ते त्यामुळे.

आता नामान. तो अरामच्या राजाचा सेनापती, मोठा पराक्रमी, पण कोडाने ग्रासलेला. त्याच्या घरी इस्राएलातून पकडून आणलेली एक लहान मुलगी बटीक म्हणून होती. शोमरोनात एक संदेष्टा आहे, तो धन्याला बरे करील, असे तिनेच सुचवले. नामान सोने, चांदी आणि दहा पोशाख घेऊन त्या संदेष्ट्याच्या, म्हणजे अलीशाच्या, दाराशी आला. अलीशा बाहेरसुद्धा आला नाही. यार्देनेत सात वेळा बुडी मार, एवढा निरोप त्याने पाठवला. नामान चिडला. आमच्या दिमिष्कच्या नद्या काय वाईट आहेत, असे म्हणून तो परत फिरला. चाकरांनी समजूत घातली तेव्हा नदीत उतरला आणि बरा झाला.

लोक गोष्ट इथेच सोडतात, पण खरी मौज पुढे आहे. नामानाने दोन खेचरांवर लादता येईल एवढी तिथली माती मागितली, कारण त्याला आपल्या देशात जाऊन इस्राएलाच्या देवाची उपासना करायची होती. मग त्याने आपली अडचण सांगितली. राजा रिम्मोनाच्या देवळात माझ्या हाताचा आधार घेऊन जातो, तिथे मलाही वाकावे लागते. एवढ्याची क्षमा व्हावी. अलीशाने त्याला फटकारले नाही, शांतीने जा म्हणाला. शत्रूचा सेनापती, परक्या दैवताचे देऊळ आणि तरीही निरोप शांतीचा. लगेच पुढच्या अध्यायात हाच अलीशा कैद झालेल्या अरामी सैनिकांना मारू देत नाही. त्यांना जेवू घालून घरी पाठवा, असे तो राजाला सांगतो.

या सगळ्याचा कळस आमोसाच्या पुस्तकात आहे. हा इ.स.पू. आठव्या शतकातला संदेष्टा. अरामींनी गिलादावर केलेल्या क्रूरपणाबद्दल तो दिमिष्कला शिक्षा बजावतो. आणि शेवटी इस्राएलालाही सुनावतो, की देवाने तुम्हाला मिसरातून आणले तसे अरामींना कीराहून आणले. म्हणजे देवाने हाताला धरून आणलेले लोक म्हणून मिरवायचे, तर शेजाऱ्यालाही तोच मान द्यावा लागेल. 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात तर नवे पीक अर्पण करणाऱ्या शेतकऱ्याने म्हणायचे निवेदनच आपला पूर्वज भटका अरामी होता, अशा कबुलीने सुरू होते. शत्रूचे नाव आपल्याच पूर्वजाला लावून दर वर्षी देवापुढे उभे राहायचे, याला मोठे मन लागते.

दिमिष्कचे राज्य इ.स.पू. 732 मध्ये अश्शूरच्या तिसऱ्या तिग्लथ-पिलेसराने बुडवले. दहा-बारा वर्षांत शोमरोनही गेले. आता एक प्रश्न उरतो. राज्य बुडाले, तर अरामी भाषा पुढे एवढी का पसरली? त्याची दोन कारणे आहेत. अश्शूरचे राजे जिंकलेल्या लोकांना उचलून साम्राज्यभर विखरून टाकत, त्यामुळे अरामी बोलणारे सगळीकडे पोचले. दुसरे कारण लिपी. अश्शूरच्या कीलाकार लिपीत शेकडो चिन्हे, तीही ओल्या मातीवर दाबायची. अरामी लिपीत फक्त 22 अक्षरे, आणि ती शाईने चामड्यावर भराभर लिहिता येत. कारभाराला कोणती सोयीची, हे उघड आहे.

हा बदल होतानाचे एक चित्र राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. इ.स.पू. 701 मध्ये अश्शूरचा सरदार यरुशलेमच्या तटाखाली उभा राहून यहूदी भाषेत, म्हणजे हिब्रूत, धमक्या देतो. हिज्कीया राजाचे अधिकारी विनवतात, आमच्याशी अरामीत बोला, आम्हाला ती कळते. तटावरच्या लोकांच्या कानी हे जाऊ देऊ नका. सरदार मुद्दाम आवाज चढवून यहूदीतच बोलतो. म्हणजे तेव्हा अरामी दरबाराला कळत होती, रयतेला नाही.

पुढे बाबेलच्या आणि मग इराणच्या साम्राज्यातही कारभाराची भाषा अरामीच राहिली, आणि काही शतकांत ती यहुदी घरांतही बोलली जाऊ लागली. दानीएल आणि एज्रा या पुस्तकांचे मोठे भाग मुळात अरामी आहेत. येशू ख्रिस्तही हीच भाषा बोलत असे. अर्थात त्यावरून तो वंशाने अरामी ठरत नाही. आज हिब्रू ज्या चौकोनी अक्षरांत लिहितात, ती अक्षरेही अरामीवरूनच घडलेली आहेत. हरलेल्या शेजाऱ्याची लिपी आणि बोली अशी थेट धर्मग्रंथात येऊन बसली.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आपल्या भागाचा. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1945 च्या सुमारास सापडलेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती तुम्ही टाऊन हॉलच्या संग्रहालयात पाहिली असेल. ती अरामी नव्हे. ती ग्रीक-रोमन घडणीची, सातवाहन काळात पश्चिमेशी चालणाऱ्या व्यापारातून आलेली, आणि दिमिष्कचे अरामी राज्य त्याच्या कितीतरी शतके आधी संपले होते. भारतीय उपखंडात अरामी भाषा त्याआधीच पोचली होती, पण वायव्येला. सम्राट अशोकाचे अरामी लेख तक्षशिला आणि कंदाहार येथे मिळाले आहेत. कंदाहारचा लेख ग्रीक आणि अरामी अशा दोन भाषांत आहे.

मराठी मुलखात अरामी आली ती बेने इस्राएल या यहुदी समाजाच्या धर्मविधींतून. गलबत फुटून आपले पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, असे हे लोक मानतात. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्याकडे बराच काळ अगदी थोडी हिब्रू प्रार्थना शिल्लक होती. पुढे कोचीच्या यहुदी शिक्षकांमुळे आणि छापील पुस्तकांमुळे पूर्ण प्रार्थनाविधी आला. मृतांसाठी म्हणायची कद्दीश ही प्रार्थना आणि लग्नाचा करारनामा, दोन्ही मुख्यतः अरामीत असतात. मुंबईचे 1796 चे सभास्थान असो की अलिबागचे, घरी मराठी बोलणारी ही मंडळी तिथे अरामी म्हणत आली आहेत.

वल्हांडण या यहुदी सणाच्या रात्री वाचायची हगादा 1874 साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्यातल्या कथनाची सुरुवात गरिबीच्या भाकरीकडे बोट दाखवून भुकेल्यांना जेवायला बोलावणाऱ्या अरामी शब्दांनी होते. त्याच हगादेत लाबान अरामी हा आपल्या पूर्वजाचा नाश करू पाहणारा, असाही अर्थ लावला आहे. भुकेल्याला हाक अरामी भाषेत आणि वैरीही अरामीच, असे दोन्ही एका बैठकीत वाचले जाते. मलिदा या विधीच्या वेळी बेने इस्राएल ज्या एलीया संदेष्ट्याचे स्मरण करतात, त्यालाच देवाने हजाएलाला अरामचा राजा म्हणून अभिषेक करायला सांगितले होते. 1993 साली उत्तर इस्राएलमधील तेल दान येथे अरामी भाषेतला एक फुटका शिलालेख सापडला. बहुतेक अभ्यासक तो याच हजाएलाचा मानतात. 'दावीदाचे घराणे' हे नाव ग्रंथाबाहेर इतक्या जुन्या काळात स्पष्ट आले आहे ते त्यावरच, आणि तेही शत्रूच्या हातचे.

कोल्हापुरात 1852 साली अमेरिकन मिशनरी वाइल्डर आले, तेव्हापासून इथल्या ख्रिस्ती घरांत नामानाची गोष्ट मराठीतून वाचली जाते. तुमच्या शेजाऱ्यांकडचा ग्रंथ त्याच परंपरेतला असावा. अरामींचा धागा पकडून वाचायचे तर उत्पत्तीचे 24 आणि 29 ते 31 हे अध्याय आधी घ्या, मग 1 राजे 20 व 22, मग 2 राजे 5 व 6, आणि शेवटी आमोसाचा पहिला व नववा अध्याय. वाचताना नकाशा जवळ ठेवा आणि गिलादावर बोट ठेवा. सोयरे की वैरी, हा तुमचा प्रश्न या क्रमाने वाचल्यावर आपोआप सुटेल. शेजाऱ्यांनाही सोबत वाचायला बसवा, त्यांना याची गोडी तुमच्याआधीपासून आहे.